सोळावर मागितलेलं पान

गोव्याहून परतलेल्या मित्रमंडळींची एक गोष्ट आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कट्ट्याकट्ट्यावर ऐकायला मिळते. माणूस बदलतो, तालुका बदलतो, जिंकलेली रक्कम वाढत जाते. कथानक मात्र एकच. मांडवीत नांगरलेल्या बोटीवर ब्लॅकजॅकचं टेबल. आपल्या माणसाच्या हातात सोळा. डीलरपुढे दश्शी उघडी पडलेली. आजूबाजूचे सगळे सांगतात, थांब, आता पान घेऊ नकोस. तो ऐकत नाही. पान मागतो आणि पंजी येते. एकवीस! गोष्ट संपली की ऐकणाऱ्यांतला एक जण म्हणतो, 'दम लागतो त्याला.' दुसरा म्हणतो, 'हा काही मटका नाही, डोक्याचा खेळ आहे.' आणि तिसरा, बहुधा वयाने मोठा, असं काही बोलतो की त्यावर सगळे नुसती मान हलवतात : 'नाहीतरी शेती काय वेगळी आहे? तोही जुगारच.'

या तिन्ही वाक्यांना मला उत्तर द्यायचं आहे. पहिली दोन चुकीची आहेत आणि त्यांनी तरुण पोरांचे पैसे जातात. तिसरं त्याहून वाईट आहे, कारण ते या जिल्ह्याने शंभर वर्षांत जे कमावलं त्यावर बोळा फिरवतं.

आधी त्या सोळाचं बघू. खेळ सोपा आहे. एकवीसच्या जवळ जायचं, पण पुढे जायचं नाही. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे. एक्का एक किंवा अकरा, सोयीचा तसा. डीलरला स्वतःची अक्कल चालवायची मुभाच नसते : सतरा होईपर्यंत पान घ्यायचं, सतराला थांबायचं. मग घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा येतो कुठून? खेळणाऱ्याला आधी खेळावं लागतं यातून. तो एकवीसच्या पुढे गेला की त्याच क्षणी त्याचे पैसे गेले. त्यानंतर डीलरही बुडाला तरी गेलेले पैसे परत येत नाहीत. टेबलावरची रोषणाई, फुकटची दारू, हसतमुख डीलर हे सगळं या एका नियमाच्या जिवावर उभं आहे.

सोळावर पान मागितलं तर तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ प्रकारची पानं माणसाला बुडवतात : छक्कीपासून राजापर्यंत सगळी. वाचवतात ती पाच, एक्क्यापासून पंजीपर्यंतची. आणि थांबलं तर? मग डीलर बुडाला तरच जिंकणार, आणि दश्शी उघडी असलेला डीलर चार-पाच वेळांत एकदा बुडतो. दोन्ही वाटांचा हिशेब मांडला की उत्तर जवळपास एकच येतं : शंभर रुपये लावले असतील तर सरासरी चोपन्न रुपयांचा तोटा. पान मागणं एका रुपयापेक्षाही कमी फरकाने बरं ठरतं. म्हणजे ज्याच्या धाडसाचे पोवाडे गायले जातात त्याने पुस्तकात लिहिलेलीच चाल केली होती. 'थांब' म्हणणारे चुकत होते, पण तेही रुपयाच्या आतच. त्या डावातलं खरं मोठं सत्य कोणीच सांगत नाही. हातात सोळा आणि समोर दश्शी आली, तेव्हाच निम्म्याहून अधिक पैसे गेल्यात जमा होते. पंजी आली ती दैवाने. तिचा दमाशी संबंध नाही आणि डोक्याशीही नाही.

छक्की, अठ्ठी, नाहीतर राणी आली असती तर ही गोष्ट गावात पोहोचलीच नसती. तेरातल्या आठ वेळा असंच होतं. ते आठ जण एसटीच्या किंवा गाडीच्या मागच्या सीटवर गप्प बसून घरी येतात आणि कट्ट्यावर दुसराच विषय काढतात. त्यामुळे गावात येणारी प्रत्येक गोष्ट जिंकलेल्याची असते, आणि ऐकणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला वाटतं की तिकडे माणसं जिंकतातच. खोटं कोणी बोललेलं नसतं, तरी पोर फसतं.

या खेळात खरोखरच चकित करणारे निर्णय आहेत. ते कोणा धाडसी पाहुण्याने शोधलेले नाहीत. अमेरिकी सैन्यात नोकरी करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी हातयंत्रांवर आकडेमोड करून ते शोधले आणि १९५६ साली अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात छापले. आज जगभर 'मूलभूत रीत' म्हणून जी सांगितली जाते तिचा पाया तोच. त्यांनी काढलेले निष्कर्ष सवयीच्या खेळाडूलाही खटकतात. हातात बारा असतील आणि डीलरची तिर्री उघडी असेल तर बहुतेक जण थांबतात. डीलरच बुडेल असं त्यांना वाटतं. हिशेब सांगतो, पान घ्या. एक्का आणि सत्ती मिळून अठरा झाले, समोर नव्वी आहे, तर अठरा म्हणजे चांगलेच असं वाटून माणूस हात आखडतो. हिशेब सांगतो, इथेही पान घ्या. दोन अठ्ठ्या आल्या, समोर दश्शी आहे, तर त्या दोन वेगवेगळ्या डावांत फोडा, म्हणजे आणखी तेवढेच पैसे टेबलावर ठेवा. हरत्या डावात दुप्पट रक्कम? ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटतो. पण सोळा म्हणून खेळलात तर शंभराला चोपन्न जातात, फोडून खेळलात तर पहिल्या शंभराच्या हिशेबाने साधारण अठ्ठेचाळीस.

ही सगळी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघावीत. बारा असोत, सोळा असोत, अठ्ठ्यांची जोडी असो, प्रत्येक ठिकाणी बरोबर निर्णयाने होतं काय? मोठ्या तोट्याचा लहान तोटा होतो. बरे हात येतात तेव्हा रक्कम दुप्पट करून फायदा उठवायचा हेही त्याच रीतीत आहे, ते मी नाकारत नाही. पण सगळे हात मिळून बेरीज केली, एकही चूक न करता तासन्‌तास खेळलं, नियमही उदार मिळाले, तरी शंभराला सुमारे पन्नास पैसे घराकडे जातात. हजाराचा डाव, तासाला साठ डाव, म्हणजे तासाला तीनशे रुपये. हे झालं बिनचूक खेळणाऱ्याचं. जो दमाच्या गोष्टी ऐकून बसला आहे त्याचं याहून किती तरी जास्त जातं.

आणि जी चाल शहाणपणाची दिसते तिच्यापासून तर आपल्याकडच्या माणसाने अधिकच जपावं. डीलरचा एक्का उघडा पडला की तो विचारतो, विमा घेता का? लावलेल्या रकमेच्या निम्मे बाजूला ठेवायचे. त्याचं झाकलेलं पान दहाचं निघालं तर दुप्पट मिळणार. पीकविमा, जनावरांचा विमा भरणाऱ्या घरातल्या माणसाला हा शब्द ओळखीचा आणि भरवशाचा वाटतो. पण तेरा प्रकारच्या पानांत दहाची पानं चारच. तेरा वेळा शंभर-शंभर रुपयांचा हा विमा घेतला तर चार वेळा दोनशे, म्हणजे आठशे येणार, आणि नऊ वेळा शंभर, म्हणजे नऊशे जाणार. शंभराला साडेसात-पावणेआठ रुपयांचा तोटा, तोही मूळ खेळाच्या तोट्याखेरीज. सावधपणाच्या नावाने टेबलावर विकली जाणारी ही सर्वांत महाग गोष्ट आहे.

याच टेबलावर आणखी एक समजूत रुजली आहे आणि तिच्यावरून भांडणं होतात. डीलरच्या आधी शेवटच्या खुर्चीवर बसलेल्याने काही वेगळी चाल केली आणि सगळे हरले, की त्याच्यावर खेकसतात : डीलरला बुडवणारं पान याने उचललं. विचार करा. पुढची दोन पानं पालथी आहेत. एक दश्शी आहे, एक छक्की. कोणती आधी आहे कोणालाच ठाऊक नाही. तो पान घेतो तेव्हा डीलरला बुडवणारं पान त्याच्याकडे जाण्याची शक्यता जेवढी, तेवढीच डीलरला वाचवणारं पान त्याच्याकडे जाण्याची. लांब पल्ल्यात त्याच्या चुकीची झळ फक्त त्याच्याच खिशाला लागते. त्याने किती वेळा टेबल वाचवलं याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. आपला तोटा शेजाऱ्याच्या माथी मारता येतो, म्हणून ही समजूत टिकली आहे. ज्याला पैसे गेले ते घर शांतपणे पुढचा डाव वाटत असतं.

दुसरं वाक्य : डोक्याचा खेळ. यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं की निघून गेलेल्या पानांचा हिशेब ठेवला तर शिल्लक पानांत दहा आणि एक्के जास्त कधी आहेत ते कळतं, आणि तेवढ्याच वेळी मोठी रक्कम लावली तर खेळणाऱ्याचं पारडं जड होतं. मग काय झालं? १९६४ साली लास वेगासच्या कॅसिनोंनी नियमच बदलले. गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं तसे ते थोड्याच आठवड्यांत मागे घेतले, पण वाट सापडली होती. एकाऐवजी सहा-सहा, आठ-आठ जोड एकत्र पिसायचे, पानं संपायच्या आत पुन्हा पिसायची, हिशेब ठेवणारा ओळखू आला की त्याला नम्रपणे उठवायचं. पुढे कित्येक टेबलांवर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागल्यावर दोनाला तीन देण्याऐवजी पाचाला सहा द्यायला सुरुवात झाली. फरक किरकोळ दिसतो. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो; गणित केलं की घराचा वाटा शंभराला आणखी एक रुपया चाळीस पैशांनी वाढतो. वर जे तासाला तीनशे रुपये सांगितले त्यात आठशेहून अधिकची भर पडते, आणि टेबलावर तेवढं एक वाक्य बदललेलं असतं.

इथे डोकं लावायला जागा आहे, पण डोक्याने जिंकू लागलात की जागा काढून घेतली जाते. गोव्याने २०२० साली आपल्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. यजमानांनी स्वतःच्या लेकरांना ज्या ताटावरून उठवलं त्या ताटावर आपण पाहुणे म्हणून बसतो आहोत, एवढं तरी पणजीला निघालेल्या गाडीने ध्यानात घ्यावं. त्यात कराची भर. १ ऑक्टोबर २०२३पासून चिप्स घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो दर ४० टक्के आहे. तोटा शंभराला पन्नास पैशांवर आणणाऱ्या कौशल्याची त्यापुढे काय मातब्बरी?

कायद्याचा दाखला देणाऱ्यांना थोडक्यात. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं, हे खरं. त्याच निकालात हेही म्हटलं आहे की क्लबचा मालक पैशावरच्या खेळातून कमाई करत असेल तर गुन्हा ठरू शकतो; तेवढं वाक्य पुढे सांगितलं जात नाही. महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६चा कायदा होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. आणि मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांवर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तो करताना कौशल्य की दैव हा भेदच ठेवला नाही. पण मला कायद्याच्या आडून बोलायचं नाही. उद्या सगळं कायदेशीर झालं तरी वरचा हिशेब एका पैशाने बदलत नाही.

आता तिसरं वाक्य. 'शेती हाही जुगारच.' हे बोलणाऱ्याच्या मनातलं दुःख मी समजू शकतो. पावसाच्या छायेतला जिल्हा. एकीकडे प्रवरेचा ऊस, दुसरीकडे पाथर्डी-जामखेडचा कोरडा माळ. चाळीत कांदा साठवून भावाची वाट बघणाऱ्याच्या अंगावर ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि डिसेंबरात निर्यातबंदीच आली. ती उठायला मे २०२४ उजाडला. साठवायचा की विकायचा, हा त्याचा निर्णय अचूक असूनही त्याचं नुकसान झालं. डाव अर्ध्यावर असताना नियम बदलले गेले. त्या शेतकऱ्याने वैतागून शेतीला जुगार म्हटलं तर त्याला मी दोष देणार नाही. मी दोष देतो तो हे वाक्य उचलून कॅसिनोच्या समर्थनाला वापरणाऱ्याला.

कारण जोखीम आणि जुगार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. फाशांनी घर, बायको, पत सगळं गमावलेल्या त्या माणसाला शेवटी सल्ला मिळतो तो फासे सोडून नांगर धरण्याचा. शेतीही दैवाधीन आहे हे त्या काळच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. ना धरण, ना विहिरीवर पंप. तरीही त्याने दोन्हींना एका पंक्तीत बसवलं नाही.

शेतात पेरलेल्यातून नवं काही उगवतं. टेबलावर काहीच उगवत नाही, एकाचे पैसे दुसऱ्याकडे जातात आणि मधून घर आपला वाटा काढतं. पण त्याहून मोठा फरक दुसरा आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात पडला आहे. शेतीतली जोखीम माणसाला कमी करता येते, नियम बदलता येतात. १९२६ साली अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, तेव्हा प्रवरेकाठच्या शेतकऱ्याचं पावसावर अवलंबून राहणं कमी झालं. पाणी आलं तरी गुळाच्या भावावर आणि सावकाराच्या मर्जीवर तो टांगलेलाच होता. तेव्हा लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून आपण त्याचा अभिमान सांगतो, पण त्यातला निर्णय किती चाकोरीबाहेरचा होता हे विसरतो. ऊस पिकवणाऱ्यांनी, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी कारखाना आतून पाहिलेला नव्हता, स्वतःच कारखानदार व्हायचं ठरवलं. दुसऱ्याच्या टेबलावर नशीब अजमावायचं सोडून त्यांनी टेबल आपलं केलं. पुढे सहकारात काय काय शिरलं ते मी झाकणार नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण दम कशाला म्हणायचं हे ठरवायचं असेल तर मला सोळावरच्या पंजीपेक्षा तो शेअर घेणारा शेतकरी आठवतो.

हिवरे बाजारचं उदाहरण तर या विषयाला थेट भिडतं. ब्लॅकजॅकमध्ये थॉर्पने काय केलं? शिल्लक काय उरलं आहे ते मोजलं आणि त्याप्रमाणे रक्कम लावली. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने नेमकं तेच पाण्याचं केलं. पाऊस मोजायचा, भूजल मोजायचं, माणसांना आणि जनावरांना किती लागणार ते आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्या पाण्यात काय पिकवायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. आजूबाजूला सगळे अधिक खोल बोअर मारण्याची शर्यत लावत असताना हा निर्णय वेड्यासारखाच दिसला असेल. बोअर मारणं मात्र खरोखरच सोळावर पान मागण्यासारखं आहे, पाणी लागलेल्याची गोष्ट गावभर होते आणि कोरड्या गेलेल्याचं कर्ज घरातच राहतं. शिल्लक मोजून खेळणाऱ्याला कॅसिनो उठवून लावतो. शिल्लक मोजून पेरणाऱ्या गावाला मात्र देशभरातून माणसं बघायला येतात.

आणि निर्यातबंदीसारखा अन्याय झालाच तर? १ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप केला. शेतकऱ्याने संपावर जायचं ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटली होती. पेरणी थांबवून तो जाईल कुठे, असं विचारलं जात होतं. दूध-भाजी रोखली गेली, संप राज्यभर पसरला, सरकारला बोलणी करावी लागली आणि त्याच महिन्यात ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली. ती पुरेशी होती असं मी म्हणत नाही. अटी आणि याद्यांत किती जण अडकले ते या जिल्ह्याला सांगायला नको. माझा मुद्दा एवढाच की नियम करणारा कोण हे ठाऊक होतं, त्याला जाब विचारता आला, मतपेटीतही विचारता येतो. पाचाला सहा असं छापलेल्या टेबलासमोर कोणत्या गावाने ठराव करायचा?

तेव्हा कट्ट्यावर ती गोष्ट पुन्हा निघाली तर सांगणाऱ्याला अडवू नका, पुढचं विचारा. एकवीस आल्यावर किती डाव खेळलास? चिप्स घेताना एकूण किती दिले, निघताना किती हातात आले? सोबत गेलेल्या चौघांचं काय झालं? आणि तिथे बसलेल्या पोरांसमोर ही बेरीज कागदावर मांडायला सांगा. एवढं गणित आपल्या आठवी-नववीच्या मुलांना येतं.